चार बोटं मोकळी

"काका, यांच्यातला नवरा कोण आणि बायको कोण?"

मी विचारलं आणि प्रयोगशाळेच्या दाराआड माझ्या मैत्रिणी, लांबडी आणि चष्मी, फिस्सकन हसल्या. पैज होती. प्रश्न मोठ्यानं, तोंडावर, न हसता विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पळून जायचं नाही. जिंकले तर आठवडाभर माझं दप्तर त्या दोघी उचलणार, हरले तर त्यांची दप्तरं मी. प्रश्न विचारण्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. यंदा वर्गाची प्रतिनिधी झाल्यापासून मी कुणालाही काहीही विचारू शकत होते. पण ती पळून न जाण्याची अट वाईट होती. मला एका जागी उभं राहणं जमत नाही. घरात मला भिंगरी म्हणतात, आणि बाबा लिफ्ट दुरुस्त करतात म्हणून आई म्हणते, "हिचाही ब्रेक एकदा तपासा."

शंखकाका म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. परीक्षानळ्या धुणार, बर्नर पुसणार, सांगाड्याची निखळलेली बोटं तारेनं जोडणार. खिडकीखाली त्यांची एक काचेची टाकी होती आणि तिच्यात गोगलगायी. शंखकाका हे नाव आमच्या आधीच्या आधीच्या कुठल्यातरी मुलींनी ठेवलं होतं. कुणाला 'शंख आहेस' म्हटलं की काय म्हणायचं असतं ते सगळ्यांनाच माहीत असतं, तेव्हा नावात थोडी टवाळी होती. ती त्यांना कळत नसेल असं नाही. हाक मारली की ते 'ओ' द्यायचे.

ते चिडले नाहीत. हात पुसले, बाही कोपरापर्यंत सारली आणि टाकीतून एक गोगलगाय उचलली. लहान लिंबाएवढी, जांभळट कवचाची. तिनं धाडकन कवचाचं झाकण लावून घेतलं. काकांनी तिला तळहातावर उताणी ठेवली.

"थांब," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"तिला वाटेल तेवढा."

मी उभी राहिले. आधी डाव्या पायावर, मग उजव्या. नखं बघितली, सांगाड्याचे दात मोजले. दाराआडून लांबडीचं "पळाली का गं?" ऐकू आलं. शेवटी झाकण सरकलं. दोन लांब मिशा बाहेर आल्या, मग पिवळे ठिपके असलेलं मऊ अंग. सरळ होण्यासाठी ती कवचाबाहेर खूप लांब वाकली.

"आता बघ. उजव्या खांद्यापाशी, कवचाच्या आत. पांढरी, वळलेली पिशवी दिसते?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही दिसत. नुसती पोकळी आहे."

"मग ही बाई. नर असता तर पिशवी दिसली असती."

"आणि नवरा कुठाय?"

"नवरा गेल्या महिन्यात गेला," काका म्हणाले, आणि गोगलगाय हलकेच पाण्यात सोडली.

दाराआडचं हसणं थांबलं.

दप्तर आठवडाभर त्या दोघींनी उचललं. मी मात्र रोज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जायला लागले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. लांबडी म्हणायची, "हिला गोगलगाय चावली." चष्मी म्हणायची, "गोगलगायीला दात नसतात." असतात. हजारो असतात, जिभेवर, कानशीसारखे. मी काकडीची उकडलेली चकती टाकीत सोडून कान काचेला लावला होता. काही ऐकू आलं नाही, पण चकतीच्या कडा दिसता दिसता झिजत गेल्या.

काकांनी मला ओळखायला शिकवलं. पाणवनस्पतींबरोबर आगंतुकासारख्या येणाऱ्या छोट्या गोगलगायी असतात, त्या एका बशीत काढून द्यायचे.

"शेंडा वर धर. तोंड स्वतःकडे कर. तोंड उजवीकडे की डावीकडे?"

"डावीकडे."

"मग ती फुगेवाली. डावखुरी असते. उजवीकडे असतं तर तळ्यातली. काचेवर चिकट थेंबासारखी अंडी दिसली तर यांचीच. आपल्या बायकांची तशी नसतात."

'आपल्या बायका' म्हणजे टाकीतल्या दोन मोठ्या माद्या. एक जांभळट, एक पिवळी. पिवळीच्या कवचाच्या शेंड्याचा टवका उडालेला होता. कवचाला चुना लागतो म्हणून मी घरातली अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून आणायला लागले. आईनं एकदा डबा उघडला आणि म्हणाली, "अगं, अंडं खाऊन टरफलं नेतेस? शाळेत काय शिकवतात तुम्हाला?"

शाळेत शिकवत होते की गोगलगायीत नर आणि मादी वेगळे नसतात. मी हात वर केला. "मॅडम, काहींच्यात असतात. मी स्वतः बघितलंय."

"काय बघितलंस?" विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं आणि वर्ग आडवा झाला. कानाच्या पाळ्या पेटल्या, तरी मी बसले नाही. उजवा खांदा, पांढरी पिशवी, सगळं सांगितलं.

"कुणी शिकवलं?"

"शंखकाकांनी."

वर्ग आणखी हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या प्रयोगशाळेत आल्या, काकांच्या हातातल्या मादीकडे चष्मा वर करून बघत राहिल्या. मग काका कपाटातली रिकाम्या शंखांची बरणी घेऊन आले. बरणीवर वर्षानुवर्षं एकच चिठ्ठी होती, 'तळ्यातील गोगलगाय'. आत उजव्या आणि डावखुऱ्या, दोन्ही सरमिसळ.

"तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"चिठ्ठी माझ्या आधीची आहे," काका म्हणाले. "आणि कुणी विचारलं नाही."

मग काकांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी एक सर होते. त्यांनी सहा गोगलगायी आणल्या आणि सुट्टी लागायच्या दिवशी काकांना म्हणाले, एवढ्या सुट्टीभर सांभाळ, आलो की घेतो. सुट्टीतच सरांची बदली झाली. पत्र नाही, निरोप नाही. त्या गोगलगायी वर्ष-दीड वर्षाच्या वर जगत नाहीत. त्या सहा केव्हाच गेल्या. मग त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं. काका प्रत्येक सुट्टीत एक दिवसाआड शाळेत येऊन कुलूप उघडत.

"तुम्ही कुठेच गेला नाहीत? अकरा वर्षं?"

"मुलाच्या लग्नाला गेलो होतो. दोन दिवस."

मला अकरा वर्षं म्हणजे किती ते मोजताच येईना. मी तेव्हा जेमतेम बालवाडीत होते. आणि मी यंदाच्या सुट्टीचे दिवस जानेवारीपासून मोजत होते! मावशीचं घर समुद्राकाठी आहे. दोन वर्षं काही ना काही निघून तिथलं जाणं रद्द झालं होतं. यंदा तिकिटं काढलेली होती, मी पोहायला शिकले होते, आणि निळा पोहण्याचा पोशाख घडी न मोडता कपाटात होता. मी तो रोज उघडून बघायची.

मग दोन गोष्टी एकदम कळल्या. महिनाअखेर काका निवृत्त होणार होते. आणि सुट्टीत प्रयोगशाळेची ती बाजू पाडून संगणकाची खोली होणार होती.

"टाकी घरी न्याल ना?"

"घर कसलं, मुलाची एक खोली आहे. पाच माणसं. सून म्हणते, आता माणसं ठेवू की गोगलगायी." ते हसले. "बरोबरच आहे तिचं. या दोघी म्हाताऱ्या आहेत, त्यांचं काय एवढं. पण हे बघ."

काचेच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, एक गुलाबी कणीस चिकटलेलं होतं. मक्याच्या दाण्यांसारखी गच्च अंडी. ही आपल्या जांभळीची. चौदा दिवस झाले होते. नर नव्हता, पण मादी आधीचं साठवून ठेवते, महिनोन् महिने. हे ऐकून चष्मीनं तोंडावर हात ठेवला. काकांचा बेत ठरला होता: पिल्लं निघाली की बरण्यांत घालून पाच-सहा मुलींना द्यायची. कुणाकडे तरी जगतीलच. अकरा वर्षांचं सगळं त्या एका कणसात होतं, बोटभर लांबीच्या.

शुक्रवारी काकांना निवृत्तीच्या कागदांसाठी कचेरीत जायचं होतं. शनिवारीही जावं लागणार होतं. "बघशील ना?" त्यांनी मला विचारलं. मला! "बादलीत शिळं पाणी भरून ठेवलंय. टाकीतलं आटलं तर घाल."

शनिवारी सकाळी मी किल्ली फिरवत प्रयोगशाळेत शिरले तेव्हा स्वतःला मुख्याध्यापिकाच समजत होते. आणि बघते तर काय, कणीस फिकं पडलेलं. गुलाबी रंग गेला होता, वरून पिठासारखं पांढरट झालं होतं. पाणी त्याच्यापासून चांगलं चार बोटं खाली. वाळतायत! पाण्यातल्या प्राण्याची अंडी, आणि कोरड्यात वाळतायत! मी बादली उचलली आणि तांब्यातांब्यानं, एक थेंबही वर न सांडता, काठोकाठ पाणी भरलं. कणीस बुडलं. मी काचेवर बोटानं टकटक केली, "घ्या," म्हणाले, आणि शिटी वाजवत घरी गेले.

सोमवारी काका माझ्या आधी आले होते. टाकीसमोर उभे होते. पाठमोरे.

"पाणी आटलं होतं, मी भरलं," मी म्हणाले.

त्यांनी हात बुडवून कणीस हळूच सोडवलं. बशीत ठेवलं, नखानं एक दाणा उघडला. आत मोहरीएवढी गोगलगाय होती. कवच होतं. वेटोळं होतं. उजवीकडे तोंड होतं. हलत नव्हती. त्यांनी दुसरा उघडला. तिसरा. मग उघडणं थांबवलं.

"ही अंडी हवेत वाढतात," ते म्हणाले. "म्हणून आई एवढी पाण्याबाहेर चढून येते. फिकी पडली म्हणजे दोन-तीन दिवसांत पिल्लं निघणार होती. निघाली की आपली आपण पाण्यात पडतात."

मी बशीतले न उघडलेले दाणे मोजायला लागले.

"चूक माझी," काका म्हणाले. "आटलं तर घाल म्हणालो. कुठवर, ते नाही सांगितलं."

त्यांनी काचेवर लिहायची पेन्सिल काढली, पाणी उपसून कमी केलं, चार बोटं काचेला लावली आणि बोटांखाली एक रेघ ओढली. बशी धुतली नाही. खिडकीबाहेरच्या कुंडीत दाणे पुरून आले आणि मग परीक्षानळ्या धुवायला लागले, रोजच्यासारख्या.

महिना संपायला बारा दिवस होते. ते बारा दिवस मी कशी वागले ते लांबडीला विचारा. वर्गात पाय हलवून हलवून मी बाक सैल केला. रोज शाळा भरायच्या अर्धा तास आधी पोचायची. त्या बहुतेक अंधारात अंडी घालतात, म्हणजे सकाळी दिसायला हवीत. रोज काच बघायची, झाकण बघायची, झाकणाची खालची बाजू बघायची. काही नाही. तिसऱ्या दिवशी जांभळी झाकण लावून तळाशी बसली ती बसलीच. पाचव्या दिवशी काकांनी तिचा वास घेतला आणि मेली म्हणून तिला बाजूला काढलं. आता एकच उरली, टवका उडालेली पिवळी.

"ही घालेल?"

"वय झालंय."

"पण घालेल का?"

"अगं, मी काय तिचा डॉक्टर आहे?" ते म्हणाले, आणि मग माझं तोंड बघून, "घालायची असेल तर वर चढेल. आपण वर जागा ठेवायची. एवढंच आपल्या हातात."

शेवटच्या दिवशी सभागृहात त्यांना भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं. मुख्याध्यापिका बोलल्या, "यांच्या सेवेबद्दल बोलावं तेवढं थोडं," आणि खरंच थोडंच बोलल्या. काकांना चार शब्द सांगायला उभं केलं. ते म्हणाले, "कपाटाची किल्ली मॅडमकडे दिली आहे," आणि बसले. मुली हसल्या. मी टाळ्या वाजवल्या, एवढ्या की मॅडमनी मागे वळून बघितलं.

मग मी प्रयोगशाळेत धावले. ते उरलेल्या नळ्या पुसत होते.

"टाकी मी नेते," मी म्हणाले. "आईला विचारलं नाहीये. पण नेते."

त्यांनी नळी उजेडात धरून बघितली, खाली ठेवली. "डबा दे तुझा."

माझ्या जेवणाच्या डब्यात ओला रुमाल अंथरून त्यांनी पिवळीला ठेवलं. ओल्या फडक्यात ती दिवसभर आरामात राहते म्हणाले. टाकी मॅडमनी स्वतःच्या गाडीतून आणून दिली. लांबडी आणि चष्मीनं ती तीन जिने चढवली, आणि वाटेत पहिल्या मजल्यावरच्या माझ्या आत्यानं दार उघडून विचारलं, "हे काय, मासे?" आणि उत्तर ऐकून दार लावून घेतलं. आईनं सवयीनं डबा उघडला. ती किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली असणार. बाबा म्हणाले, "आज काही उरवलंस वाटतं."

निघताना काकांनी मला एक वही दिली होती. मुलींच्या जुन्या प्रयोगवह्यांची कोरी पानं शिवून केलेली. तारीख, किती अंडी, किती निघाली, किती जगली. पेन्सिलीनं, अकरा वर्षं. सुट्ट्यांतल्या तारखाही होत्या, एक दिवसाआड, एकही न चुकता. पहिल्या पानावर मात्र वेगळं, शाईतलं अक्षर होतं. सरांचं. 'सुट्टीभर सांभाळणे. पाणी चार बोटं खाली ठेवणे. आल्यावर घेतो.' वही कायम टाकीशेजारच्या खणात असायची. मी दोन महिने त्या खणाला टेकून उभी राहत होते.

टाकी घरी आल्याच्या पाचव्या दिवशी, परवा म्हणजे, मी दात घासत टाकीपाशी गेले आणि ब्रश तोंडातच राहिला. झाकणाच्या खालच्या बाजूला, एका कोपऱ्यात, कणीस होतं. लहान, वेडंवाकडं, ओलं, गुलाबी. पिवळी तळाशी दमून पडल्यासारखी बसली होती, मिशा अर्ध्या बाहेर.

काकांच्या मुलाला फोन लावला. मागे लहान मुलं भांडत होती. काका आले.

"काका, घातली! पिवळीनं घातली! झाकणाला!"

त्यांनी मागच्या मुलांना गप्प केलं.

"पाणी कुठवर आहे?"

"चार बोटं खाली. रोज बघते. रेघेवर."

"बरं." मग म्हणाले, "सुट्टी लागली का तुम्हाला?"

"लागली. परवा निघतोय आम्ही, मावशीकडे. तीन आठवडे."

"हं," काका म्हणाले. "समुद्र छान असतो म्हणतात." आणि त्यांनी फोन ठेवला. थांब म्हणाले नाहीत. कुणाकडे तरी दे म्हणाले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. लांबडी गावाला गेली होती, चष्मीकडे मांजर आहे. आईला विचारलं, तीन आठवड्यांनी पिल्लं निघतील तेव्हा आपण कुठे असू? आई म्हणाली, गाडीत, परतीच्या. निळा पोशाख मी तीनदा घालून बघितला. छान दिसतो.

आज संध्याकाळी आई-बाबा बाहेरच्या खोलीत रात्रीच्या गाडीसाठी बॅगांची कुलुपं शोधत होते. मी दारात जाऊन उभी राहिले.

"मी येत नाहीये," मी म्हणाले.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"मावशीकडे."

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "अगं, दोन वर्षं डोकं खाल्लंस आमचं! त्या गोगलगायीसाठी? खाली आत्या आहे की. ती येऊन बघेल दोन दिवसांनी."

"आत्या पाणी भरेल."

"मग भरू दे! बिघडलं काय?"

"काठोकाठ भरेल, आई. चांगल्या मनानं भरेल. मीही तसंच भरलं होतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. ते हलत नव्हते. मला स्वतःलाही ते तेव्हाच कळलं.

"तुम्ही दोघं जा," मी म्हणाले. "जेवायला मी आत्याकडे जाईन, ती झोपायला वर येईल, मी तिला विचारून आले आहे. टाकीवर चादर टाकायची एवढीच तिची अट आहे. निळा पोशाख मावशीच्या मुलीला न्या, तिला होईल. मी इथेच थांबणार आहे. सुट्टीभर."